सकाळी वेब ॲप उघडायला खूप वेळ लागतोय, एका एक्स्टेन्शनवर संशय आहे पण ते काढायचं नाहीये

सांजवात
नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. माझं कामाचं सगळं वेब ॲप्समध्येच चालतं, मेल, कॅलेंडर आणि टीमचा टास्क बोर्ड, तिन्ही ब्राउझरमधून ॲप म्हणून इन्स्टॉल करून टास्कबारवर पिन केलेत. ब्राउझर क्रोमियमवर बनलेला आहे, विंडोज ११, १६ जीबी रॅम, एसएसडी, म्हणजे मशीन काही कमकुवत नाही.

तर होतं असं की सकाळी मशीन चालू करून टास्क बोर्डच्या आयकॉनवर क्लिक केलं की विंडो लगेच येते पण नुसती पांढरी, आणि मग वीस-पंचवीस सेकंद काही म्हणजे काही होत नाही, माऊस फिरवला तर कधी कधी विंडो हँग झाल्यासारखी पण दिसते, आणि मग एकदम सगळं येतं आणि त्यानंतर दिवसभर छान चालतं. ॲप बंद करून परत उघडलं तर दोन सेकंदात उघडतं. म्हणजे त्रास फक्त पहिल्या वेळी. नेट ठीक आहे, कारण त्याच वेळी फोनवर तेच ॲप पटकन उघडतं.

एक्स्टेन्शन्स चार आहेत: ॲड ब्लॉकर, पासवर्ड मॅनेजर, लिहिताना चुका दाखवणारं एक आणि उघडे टॅब सेशन म्हणून सेव्ह करणारं एक. संशय शेवटच्यावर आहे कारण त्यात माझं दोन-तीन वर्षांचं वाचायचं, संदर्भाचं, नोट्स लावलेलं सगळं आहे. पण म्हणूनच ते उडवायची हिंमत होत नाही. आणि मुळात टास्क बोर्ड वेगळं ॲप असताना ब्राउझरच्या एक्स्टेन्शनचा त्याच्याशी संबंध काय, हे पण कळत नाहीये. इन्कॉग्निटोमध्ये सगळं झटपट चालतं. कोणी समजावून सांगेल का?


अनामिक०७
सगळी एक्स्टेन्शन्स काढून टाका आणि ब्राउझर रिसेट मारा. एवढा विचार करण्यात अर्थ नाही, पाच मिनिटांचं काम आहे. नंतर लागेल तसं एकेक परत टाका.


खटपट्या
थांबा थांबा, सांजवात, प्लीज काहीही काढू नका अजून. एक्स्टेन्शन रिमूव्ह केलं की त्याचा लोकल स्टोरेजमधला डेटा ब्राउझर सोबतच पुसून टाकतो, परत इन्स्टॉल केलं तरी तो येत नाही. तुमची तीन वर्षांची सेशन्स त्यातच असणार. स्विच बंद करणं म्हणजे डिसेबल करणं आणि रिमूव्ह करणं या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, डिसेबल केल्याने डेटा जागेवर राहतो. म्हणून आधी त्या एक्स्टेन्शनमध्ये एक्स्पोर्ट असेल तर फाईल काढून ब्राउझरच्या फोल्डरबाहेर कुठेतरी ठेवा, ती उघडून बघा की आत खरंच तुमच्या लिंका दिसतायत, आणि मगच पुढे चला. हे मी इतकं जोर देऊन सांगतोय कारण लोक घाईत इथेच सगळं घालवून बसतात.

आता संबंध काय ते. ब्राउझरमधून इन्स्टॉल केलेलं ॲप दिसायला वेगळं दिसतं, वेगळा आयकॉन, वेगळी विंडो, ॲड्रेस बार नाही, पण आतून ते तुमच्या ब्राउझरच्या त्याच प्रोफाईलमध्ये, म्हणजे सेटिंग्ज, लॉगिन आणि एक्स्टेन्शन्सच्या त्याच संचात, चालतं. ज्या प्रोफाईलमधून इन्स्टॉल केलं त्या प्रोफाईलमधली एक्स्टेन्शन्स त्याला लागू. सकाळी तुम्ही टास्क बोर्डवर क्लिक करता तेव्हा ब्राउझर बंद असतो, म्हणजे त्या एका क्लिकने आधी पूर्ण ब्राउझर उभा राहतो, प्रोफाईल लोड होतं, एक्स्टेन्शन्स जागी होतात आणि या सगळ्या गर्दीत तुमचं पान लोड व्हायचा प्रयत्न करतं. दुसऱ्यांदा हे सगळं झालेलं असतं म्हणून दोन सेकंद.

यावरूनच इन्कॉग्निटोची टेस्ट का धरता येत नाही ते कळेल. इन्कॉग्निटोत एक्स्टेन्शन्स मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत हे खरं, पण तुम्ही ती विंडो उघडता तोवर ब्राउझर बहुतेक आधीच चालू असतो, म्हणजे तुम्ही मोजताय ते स्टार्टअप नव्हेच.

नीट मोजायचं तर असं करा. मशीन रिस्टार्ट करा, शट डाऊन करून चालू नको, कारण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊनमध्ये सिस्टीमचा काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो, रिस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये, सिस्टीम विभागात, ब्राउझर बंद केल्यावरही बॅकग्राउंड ॲप्स चालू ठेवण्याचा पर्याय असतो, तो टेस्टपुरता बंद करा. ब्राउझर मायक्रोसॉफ्टचा एज असेल तर स्टार्टअप बूस्ट पण बंद करा, तो लॉगिन झाल्या झाल्या ब्राउझरच्या काही प्रोसेस, म्हणजे मागे चालणारे प्रोग्रॅम, आधीच उघडून ठेवतो आणि मग आपल्याला खरा आकडा कळतच नाही. लॉगिन झाल्यावर मिनिटभर थांबा, विंडोजचं स्वतःचं काही चालू असेल ते संपू द्या, मग आयकॉनवर क्लिक करून फोनच्या स्टॉपवॉचवर बघा. एकदा चारही चालू ठेवून, एकदा चारही डिसेबल करून. फरक पडला तर दोन चालू दोन बंद, जिकडे वेळ लागतो त्या जोडीतलं परत एक बंद. दर वेळी मधे रिस्टार्ट, कंटाळवाणं आहे पण त्याशिवाय उत्तरावर विश्वास ठेवता येत नाही.


अनामिक०७
डेटा जातो हा मुद्दा मान्य. पण अँटिव्हायरस पण बघा, अर्ध्या वेळा तोच असतो.


रानपाखरू
अँटिव्हायरसचा मुद्दा पासवर्ड मॅनेजरच्या बाबतीत तपासण्यासारखा आहे. काही पासवर्ड मॅनेजर डेस्कटॉपवरच्या ॲपशी बोलतात, त्यासाठी नेटिव्ह मेसेजिंग वापरतात, म्हणजे एक्स्टेन्शनने मागितलं की ब्राउझर मशीनवरचा एक छोटा प्रोग्रॅम वेगळी प्रोसेस म्हणून सुरू करतो. हा प्रोग्रॅम सुरू होताना अँटिव्हायरस तो तपासतो, आणि सकाळी सगळंच एकदम सुरू होत असेल तर तिथे वेळ जाऊ शकतो. पण त्यात सहसा पासवर्ड भरायला उशीर होतो, अख्खं पान पांढरं राहात नाही. सांजवात यांचं वर्णन वाचून मला तरी तसं वाटत नाही.

अजून एक, मोजताना ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर बघा, विंडोजचा नाही. रिस्टार्टनंतर ॲपऐवजी साधी ब्राउझर विंडो उघडा आणि लगेच शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. त्यात प्रत्येक एक्स्टेन्शनची नावानिशी ओळ असते, सीपीयू आणि मेमरी किती खातंय ते दिसतं. फक्त एक लक्षात ठेवा, कधी कधी दोन-तीन एक्स्टेन्शन्स एकाच प्रोसेसमध्ये असतात, मग आकडा एकत्र दिसतो आणि निरपराध नाव पण त्यात दिसतं. त्यामुळे याला पुरावा न मानता दिशा म्हणून बघा, पुरावा खटपट्या यांनी सांगितलेली टेस्टच.


सांजवात
खटपट्या, रानपाखरू, खूप खूप आभार. आधी एक्स्पोर्ट केलं, फाईल उघडून बघितली, सगळं आहे आत, जीव भांड्यात पडला. मग सांगितलं तसं रिस्टार्ट करून करून मोजलं. चारही बंद असताना ॲप तीन-चार सेकंदात उघडलं. सेशनवालं एकटं चालू ठेवलं तर परत वीसच्या वर. बाकीची तीन चालू आणि ते बंद, तर पाच सेकंदांच्या आसपास. म्हणजे तेच आहे हे आता नक्की.

टास्क मॅनेजरमध्ये पण पहिली वीस सेकंद त्याची ओळ सगळ्यात वर होती, मेमरी हजार एमबीच्या वर गेली आणि मग हळूहळू खाली आली. पण मला खरंच समजून घ्यायचंय की हे नेमकं करतं काय. मी टास्क बोर्ड उघडतेय, त्यात टॅब सेव्ह करायचा काही प्रश्नच नाही, मग माझं पान का अडतं? आणि त्याच्या एक्स्पोर्टची फाईल तर फक्त ६० एमबीची आहे, एवढ्याशा डेटासाठी हजार एमबी?


ओवी
मी एक्स्टेन्शन्स बनवते म्हणून यात थोडं आतलं सांगू शकेन. तुमचं एक्स्टेन्शन कुठलं ते माहीत नाही, पण लक्षणं ओळखीची आहेत आणि कारण जवळजवळ नेहमी डेटा ठेवण्याच्या पद्धतीत सापडतं.

एक्स्टेन्शन्सना ब्राउझर एक साठा देतो, स्टोरेज लोकल म्हणतात. त्याची मर्यादा आज १० एमबी आहे, क्रोम ११३ पर्यंत ५ एमबी होती. एक्स्टेन्शनने अनलिमिटेड स्टोरेजची परमिशन घेतली की ही मर्यादा उठते. तुमचा डेटा ६० एमबी आहे म्हणजे, स्टोरेज लोकल वापरत असेल तर, ती परमिशन त्याने नक्की घेतलेली आहे. हा साठा लहान सेटिंग्जसाठी चांगला आहे, मोठ्या डेटासाठी गैरसोयीचा, कारण तिथे ठेवलेली प्रत्येक गोष्ट जेसनमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या स्वरूपात, जाते आणि वाचायची म्हटली की ब्राउझरच्या मुख्य प्रोसेसमधून एक्स्टेन्शनच्या प्रोसेसमध्ये कॉपी होऊन येते. आता एखाद्या डेव्हलपरने सुरुवातीच्या दिवसांत सोपं म्हणून सगळी सेशन्स एकाच की-खाली, म्हणजे एकाच नावाखाली, एका मोठ्या यादीत ठेवली, आणि स्टार्टअपला ती पूर्ण यादी मागवली, तर वीस सेशन्स असताना कोणाला काही जाणवत नाही. तीन वर्षांनी तीच ओळ ६० एमबी उचलते. कोडमध्ये काहीही बदललेलं नसतं. म्हणूनच असे प्रॉब्लेम 'अपडेटनंतर झालं' असे न येता हळूहळू वाढत जातात आणि कुठल्या दिवशी सुरू झालं ते सांगता येत नाही.

मेमरीचं उत्तर पण इथेच आहे. ६० एमबी मजकूर मुख्य प्रोसेसमध्ये पार्स होतो, म्हणजे वाचून त्याची फोड होते, तिथून पाठवण्यासाठी त्याची प्रत बनते, पलीकडे परत जावास्क्रिप्टचे ऑब्जेक्ट बनतात, आणि लाखो छोट्या ऑब्जेक्टना मजकुरापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. यादी दोन-तीन वेळा मागवली असेल तर हजार एमबी काहीच नाही.

पान का अडतं, तर याला दोन कारणं असू शकतात. एक, मुख्य प्रोसेस या कॉपीत गुंतलेली असते आणि तुमची विंडो, क्लिक, पानाची रिक्वेस्ट, सगळं त्याच प्रोसेसमधून जातं, म्हणून विंडो हँग झाल्यासारखी वाटते. दुसरं मला जास्त शक्य वाटतं. तुम्ही टॅबवर नोट्स लावता म्हणालात, म्हणजे हे एक्स्टेन्शन प्रत्येक पानात आपला एक कंटेंट स्क्रिप्ट, म्हणजे पानाच्या आत चालणारा छोटा कोड, घालत असणार, तुमचं टास्क बोर्डचं ॲप पण त्याच्या दृष्टीने एक पानच. कंटेंट स्क्रिप्टला स्टोरेज लोकल थेट वाचता येतं. त्याने 'या पानाला काही नोट आहे का' एवढं बघायला अख्खी यादी मागवली, तर तेवढा डेटा तुमच्या पानाच्या प्रोसेसमध्ये पण उतरतो आणि ज्या थ्रेडवर, म्हणजे कामाच्या ज्या एका रांगेत, तुमचं ॲप रंगवलं जातं त्याच थ्रेडवर उलगडला जातो.

याहून वाईट भाग बदलाच्या इव्हेंटचा, म्हणजे डेटा बदलल्याची सूचना जाण्याचा, आहे. स्टोरेजमधली की बदलली की जे जे कोणी ऐकत असतं त्या प्रत्येकाला जुनी किंमत आणि नवी किंमत दोन्ही पाठवल्या जातात. सकाळी ब्राउझर तुमचे जुने टॅब परत उघडतो, प्रत्येक टॅब उघडला की ऑटोसेव्ह यादी पुन्हा लिहितो, आणि दर वेळी ६० अधिक ६० एमबी सगळ्या उघड्या पानांकडे जातात. तुम्ही स्टार्टअपला मागचे टॅब परत उघडायचं सेटिंग ठेवलंय का?

हे तपासायचं असेल तर व्हर्जनच्या पानावर प्रोफाईल पाथ लिहिलेला असतो, त्या फोल्डरमध्ये लोकल एक्स्टेन्शन सेटिंग्ज नावाचं फोल्डर आहे, आत प्रत्येक एक्स्टेन्शनच्या आयडीचं वेगळं फोल्डर, आयडी म्हणजे ३२ अक्षरांचं नाव, एक्स्टेन्शनच्या डिटेल्समध्ये सापडेल. त्याची साईझ बघा. ती ६० एमबीपेक्षा बरीच जास्त असेल तर घाबरू नका, खालचा डेटाबेस लेव्हलडीबी आहे, त्यात नवी किंमत लिहिली तरी जुनी लगेच पुसली जात नाही, नंतर कॉम्पॅक्शनमध्ये, म्हणजे डेटाबेस स्वतः साफसफाई करतो तेव्हा, जाते. सतत पुन्हापुन्हा लिहिलं जात असल्याची ती खूण मात्र आहे. फक्त बघा, आतलं काही डिलीट करू नका, ब्राउझर चालू असताना तर अजिबातच नाही.


सांजवात
ओवी, तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून धन्यवाद, पहिल्यांदाच नीट समजलं. फोल्डर बघितलं, ४०० एमबीच्या वर आहे. आणि हो, मागचे टॅब परत उघडायचं सेटिंग चालू आहे, ऑटोसेव्ह पण चालू आहे. आता काय करू? माझं टास्क बोर्ड ॲप सकाळी पटकन उघडलं पाहिजे आणि सेशन्स पण जवळ राहिली पाहिजेत.


खटपट्या
सगळ्यात कमी त्रासाचं आधी करून बघा. एक्स्टेन्शन्सच्या पानावर त्याच्या डिटेल्समध्ये जा, तिथे साईट ॲक्सेस असतो. तो 'सगळ्या साईट्सवर' असेल तर 'क्लिक केल्यावर' करा. मग ओवी म्हणतात तो कंटेंट स्क्रिप्ट तुमच्या ॲपमध्ये आपोआप जाणार नाही, नोट्स हव्या तेव्हा आयकॉनवर क्लिक करायचं. बॅकग्राउंडचं काम तरीही होणार, पण पानातला भार जाईल.

तेवढ्याने भागलं नाही तर कामाच्या तीन ॲप्ससाठी वेगळं प्रोफाईल करा. त्यात फक्त पासवर्ड मॅनेजर टाका, तिथे लॉगिन करून ॲप्स तिथून इन्स्टॉल करा, जुने पिन काढा नाहीतर चुकून जुन्याच आयकॉनवर क्लिक होईल आणि वाटेल काही फरकच नाही. वाचनाचं, सेशन्सचं सगळं जुन्या प्रोफाईलमध्ये जसंच्या तसं. मला तर एक्स्टेन्शन चांगलं असो की वाईट, कामाची ॲप्स वेगळ्या प्रोफाईलमध्ये असणंच योग्य वाटतं, सगळ्या पानांचं सगळं वाचू शकणारी चार एक्स्टेन्शन्स कामाच्या मेलमध्ये हवीतच कशाला.


रानपाखरू
+१ वेगळ्या प्रोफाईलला. 

फायरफॉक्सवाले कोणी हा धागा वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडं, कारण तिथे गोष्ट वेगळी आहे. फायरफॉक्स एक्स्टेन्शन्सचं बॅकग्राउंड मुळात पहिली विंडो रंगवून झाल्यावर सुरू करतो, त्यामुळे विंडो सहसा अडत नाही. पण जी एक्स्टेन्शन्स रिक्वेस्ट अडवून तपासतात, म्हणजे ॲड ब्लॉकरसारखी, ती तयार होईपर्यंत पहिल्या पानाच्या रिक्वेस्ट थांबवून ठेवल्या जातात. यूब्लॉक ओरिजिनमध्ये तर सगळ्या फिल्टर लिस्ट लोड होईपर्यंत नेटवर्क थांबवायचा वेगळा पर्याय आहे. तिथे पहिलं पान उशिरा आलं तर ती बिघाडाची खूण नव्हे, जाहिरात निसटू नये म्हणून तो थांबतो, लिस्ट कमी केल्या की वेळ कमी होतो. ट्रबलशूट मोडमध्ये फायरफॉक्स झटपट उघडला म्हणून लगेच एक्स्टेन्शनला दोष देऊ नका, त्या मोडमध्ये हार्डवेअर ॲक्सलरेशन आणि थीम्स पण बंद होतात, दोषी त्यातलं काहीही असू शकतं. तिथेही एकेक डिसेबल करूनच बघावं लागतं.


सांजवात
साईट ॲक्सेस बदलला आणि ॲप आठ-नऊ सेकंदांवर आलं, म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ त्या कंटेंट स्क्रिप्टचाच होता. मग वेगळं प्रोफाईल पण केलं, तिथे तीन सेकंद, रिस्टार्टनंतर सुद्धा. फार बरं वाटतंय. जुन्या प्रोफाईलमध्ये मात्र ब्राउझर उघडायला अजून वेळ लागतोच, तर आता ती सेशन्स कमी करायची म्हणते, जुनी जुनी बुकमार्कच्या फाईलमध्ये हलवून. ओवी, एक विचारायचं होतं, एक्स्टेन्शनच्या डेव्हलपरला कळवावं का? फुकट देतायत, तक्रार करायला बरं वाटत नाही.


ओवी
अहो नक्की कळवा! तक्रार म्हणून कशाला, तुम्ही जे मोजलंय ते आम्हाला आमच्या मशीनवर दिसतच नाही, आमच्या टेस्ट प्रोफाईलमध्ये दहा-बारा सेशन्स असतात. असा रिपोर्ट आला की मला तर आनंद होतो.

लिहिताना एवढं द्या: ब्राउझर आणि एक्स्टेन्शन दोन्हींची व्हर्जन, एक्स्पोर्ट फाईलची साईझ, साधारण किती सेशन्स आणि टॅब आहेत, त्या फोल्डरची साईझ, मागचे टॅब आपोआप उघडतात हे, आणि रिस्टार्टनंतरच्या तीन वेळा, म्हणजे चालू असताना, डिसेबल असताना आणि साईट ॲक्सेस क्लिकवर असताना. शेवटचा आकडा सगळ्यात मोलाचा, त्याने त्यांना थेट कंटेंट स्क्रिप्टकडे बोट दाखवलं जातं. एक्स्पोर्टची फाईल मात्र जोडू नका, त्यात तुमचे सगळे पत्ते आणि नोट्स आहेत, मागितली तरी आधी आतलं खाजगी काढून मगच.

आणि जमलं तर हे पण सुचवा. प्रत्येक सेशन वेगळ्या की-खाली ठेवायचं आणि नावं-तारखांची एक छोटी सूची वेगळी, म्हणजे स्टार्टअपला फक्त सूची वाचावी लागेल. मोठा डेटा इंडेक्स्डडीबीमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या आतल्या डेटाबेसमध्ये, तिथे हवी ती नोंद तेवढीच काढता येते आणि बदलाचा तो इव्हेंट सगळ्या पानांना जात नाही. कंटेंट स्क्रिप्टने स्वतः स्टोरेज न वाचता बॅकग्राउंडला फक्त पानाचा पत्ता विचारायचा. साईट्सचे छोटे आयकॉन प्रत्येक टॅबसोबत डेटा यूआरएल म्हणून, म्हणजे चित्राचाच मजकूर करून, साठवत असतील तर ते बंद करायचं, बेस६४ या मजकुराच्या रूपात आयकॉन एक तृतीयांशाने फुगतो आणि तोच आयकॉन शेकडो वेळा साठतो, मॅनिफेस्ट व्ही३ मध्ये, म्हणजे एक्स्टेन्शन्सच्या नव्या नियमावलीत, आयकॉन ब्राउझरकडूनच मागता येतो. तुमच्या एक्स्पोर्ट फाईलमध्ये 'डेटा कोलन इमेज' असं शोधून बघा, हजारोंनी सापडलं तर ६० एमबीतले बरेचसे तेच असतील आणि तुम्हाला कदाचित एकही सेशन कमी करावं लागणार नाही.

शिवाय व्ही३ मध्ये बॅकग्राउंडचा सर्व्हिस वर्कर, म्हणजे एक्स्टेन्शनचा मागे चालणारा कोड, ३० सेकंद काही काम नसलं की बंद होतो, परत जागा झाला की मेमरीतलं सगळं गेलेलं असतं. म्हणजे अख्खी यादी वाचायची पद्धत तशीच ठेवली तर तो भार फक्त सकाळी न येता दिवसभर अधूनमधून येत राहील. तुम्हाला जुन्या प्रोफाईलमध्ये दिवसा मधेच एखादा सेकंद अडकल्यासारखं वाटतं का ते पण बघा, वाटत असेल तर तेही रिपोर्टमध्ये लिहा.